चार्म झाला म्हणजे गुलाम झाला नाही: डी अँड डीतले वशीकरणाचे नियम कसे वाचायचे

नागपुरात सीताबर्डीच्या खांबाखांबांवर बाबालोकांची पत्रकं चिकटवलेली दिसतात: वशीकरण, मनासारखं लग्न, खात्रीशीर काम. नव्या खेळाडूच्या हाती डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या डाइसवर चालणाऱ्या कथाखेळातला ‘चार्म पर्सन’ हा स्पेल, म्हणजे जादूचा प्रयोग, पहिल्यांदा येतो, तेव्हा त्याच्या डोक्यात हेच पत्रक असतं. डाइस पडला, समोरचा फसला, आता तो आपला गडी! मग तो पहारेकऱ्याला सांगतो, “जा, राजाले मारून ये.” डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) म्हणतो, नाही. “पण काहून नाही? चार्म झाला ना तो!” आणि पुढचा अर्धा तास वादात जातो.

हा वाद टाळता येतो. त्यासाठी स्पेल कोणत्या क्रमानं वाचायचा हे माहीत पाहिजे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ सालचा आहे, आणि तेव्हापासून त्याचे नियम पुष्कळदा बदलले. मी इथे पाचव्या आवृत्तीबद्दल लिहितो आहे, म्हणजे २०१४ चं पुस्तक आणि त्याची २०२४ मधली सुधारित आवृत्ती. पुस्तक विकत घ्यायची घाई नको. मूळ नियमांचा मोठा भाग जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट आहे, आणि खाली आलेले सगळे स्पेल त्यात सापडतात.

पायरी १: स्पेलची जात ओळखा

२००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत एन्चांटमेंट या मनावरच्या जादूच्या शाखेचे दोन पोटभाग होते, चार्म आणि कम्पल्शन. चार्ममुळे समोरच्याची तुमच्याकडे बघायची नजर बदलायची. कम्पल्शन त्याला काहीतरी करायला भाग पाडायचं, किंवा त्याच्या मनाची चालच बदलायचं. पाचव्या आवृत्तीनं ही विभागणी काढून टाकली, आणि माझ्या मते घोळ तिथूनच सुरू झाला. आता ‘चार्म्ड’ ही एकच कंडिशन (स्पेलनं लागणारी अवस्था) मैत्रीच्या स्पेललाही लागते आणि पूर्ण ताबा घेणाऱ्या स्पेललाही.

त्या कंडिशनमध्ये लिहिलेल्या गोष्टी दोनच. चार्म झालेला जीव चार्म करणाऱ्यावर हल्ला करू शकत नाही, त्याच्यावर घातक जादूही टाकू शकत नाही. आणि चार्म करणाऱ्याला त्याच्याशी बोलण्या-वागण्याच्या चेकवर (जमलं की नाही ते ठरवणाऱ्या डाइसवर) अॅडव्हान्टेज मिळतो, म्हणजे दोन डाइस टाकून मोठा आकडा घ्यायचा. संपलं. हुकूम पाळणं त्यात कुठेच नाही. याहून जास्त काही हवं असेल तर ते त्या स्पेलच्या स्वतःच्या मजकुरात लिहिलेलं असावं लागतं.

म्हणून स्पेल उघडला की पहिला प्रश्न हा विचारा: हा नुसती नजर बदलतो, एक हालचाल करवतो, एखादं काम गळ्यात घालतो, की आख्खा माणूस ताब्यात घेतो? चार्म पर्सन पहिल्या प्रकारात. कमांड आणि (नावानंच कम्पल्शन असलेला) कम्पल्शन दुसऱ्यात. सजेशन तिसऱ्यात, डॉमिनेट पर्सन चौथ्यात. गिआस जरा वेगळ्याच वाटेचा आहे, त्याच्याकडे नंतर येऊ.

पायरी २: मुळात लागू होतो का ते बघा

चार्म पर्सन फक्त ह्युमनॉइडवर (माणसासारख्या जीवांवर) चालतो. २०१४ च्या पुस्तकांत गॉब्लिन ह्युमनॉइड आहे. नव्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये तो फे (परीलोकातला जीव) झाला आहे, त्यामुळे तिथे गॉब्लिनवर हा स्पेल वायाच जातो. सजेशनसाठी, आणि २०१४ च्या कमांडसाठीही, समोरच्याला तुमची भाषा कळली पाहिजे, त्यामुळे पहाऱ्यावरच्या कुत्र्याला सजेशन देण्यात अर्थ नाही. एल्फला चार्मविरुद्धच्या सेव्हवर (जादूतून वाचायच्या डाइसवर) अॅडव्हान्टेज असतो. काही राक्षसांच्या माहितीत चार्मपासून पूर्ण सुटका लिहिलेली असते. डीएमनं हे डाइस पडायच्या आधी तपासावं, नंतर सांगितलं की खेळाडूला ते चीटिंगच वाटतं.

आता आकडे. समजा तिसऱ्या लेव्हलची विझर्ड (जादूगार) आहे, इंटेलिजन्स १६. तिचा सेव्ह डीसी (समोरच्याला वाचायला लागणारा आकडा) निघतो ८ अधिक २ (लेव्हलचा बोनस) अधिक ३ (इंटेलिजन्सचा बोनस), म्हणजे १३. साध्या पहारेकऱ्याला विस्डमचा बोनस शून्य, त्यामुळे त्याला वीस बाजूंच्या डाइसवर १३ किंवा जास्त पडायला हवेत. स्पेल लागण्याची शक्यता ६० टक्के. पण चार्म पर्सनमध्ये एक ओळ आहे: तुमची पार्टी (तुमच्या पात्रांचा गट) त्याच्याशी लढत असेल तर त्याला अॅडव्हान्टेज. तेवढ्यानं तुमची शक्यता थेट ३६ टक्क्यांवर येते. तलवारी उपसल्यावर चार्म करायला धावणाऱ्यांनी हा हिशोब एकदा करून बघावा.

एक आमच्याकडची अडचणही सांगतो. मे महिन्यात नागपुरात बारा ते पाच बाहेर पडायची सोय नसते, म्हणून लांब सेशन तेव्हाच होतात, आणि ते होतात कूलरसमोर. कमांड हा एका शब्दाचा स्पेल, आणि त्या घरघरीत डीएमला ‘टाक’चं ‘थांब’ ऐकू येतं. कमांडचा शब्द कागदावर लिहून दाखवायचा नियम आमच्या टेबलावर त्यातूनच आला.

पायरी ३: चार्म पर्सनला ओळखीचा माणूस समजा

स्पेल सांगतो की तासभर समोरचा तुम्हाला स्नेहातला, ओळखीचा माणूस समजतो. जिवलग मित्र नाही, भाऊ नाही, नोकर तर नाहीच. रोजच्या पानठेल्यावरचा ओळखीचा माणूस आठवा. तो पत्ता सांगेल, पाच मिनिटं गाडीकडे लक्ष ठेवेल, एखादी आतली बातमीही देईल. तुमच्यासाठी स्वतःची नोकरी घालवणार नाही.

पुढे काय मागता येईल, यासाठी २०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये एक छोटा तक्ता आहे. स्नेही माणूस बिनधोक्याचं काम मागितल्याबरोबर करतो. थोडा धोका किंवा थोडी झळ असेल तर करिझ्मा चेकचा डीसी १०. मोठा धोका असेल तर डीसी २०. आमच्या कॅम्पेनमध्ये (अनेक सेशन चालणाऱ्या कथेत) संत्र्यांच्या बाजारातला एक आडत्या होता. त्याला चार्म करून पार्टीनं विचारलं, संत्र्याच्या पेट्यांखाली शस्त्रं कोणाच्या गाडीतून आली? नाव सांगणं म्हणजे थोडा धोका, डीसी १०, वर अॅडव्हान्टेज. नाव मिळालं. मग त्यांना वाटलं, त्यानं दरबारात साक्षही द्यावी. तो मोठा धोका, डीसी २०, आणि आडत्यानं हात जोडले. स्पेल तेव्हाही चालूच होता. खेळाडू चिडले, पण नियम असाच आहे, आणि तो चांगला आहे. पहिल्या लेव्हलच्या स्पेलनं आख्खी मोहीम सुटायला लागली तर पुढे खेळायचं काय?

स्पेल कशानं तुटतो, इथे दोन्ही पुस्तकांत फरक आहे. २०१४ मध्ये तुम्ही किंवा तुमच्या साथीदारांनी त्याला कुठलंही नुकसान पोचवलं की तुटतो. २०२४ मध्ये त्याला प्रत्यक्ष डॅमेज व्हावं लागतं. रोगनं, म्हणजे पार्टीतल्या चोरानं, त्याचा खिसा कापला तर? जुन्या नियमाखाली माझा निर्णय असा: खिसा कापल्याचं त्याला कळलं तर नुकसान, कळलं नाही तर स्पेल चालू. दुसरा डीएम वेगळं म्हणेल. म्हणूनच कॅम्पेनच्या सुरुवातीला विचारून घ्या.

पायरी ४: सजेशनचं वाक्य आधी लिहा, मग डाइस टाका

खरी मजा आणि खरी भांडणं या स्पेलमध्ये आहेत, त्यामुळे इथे जरा थांबू.

सजेशन दुसऱ्या लेव्हलचा, कॉन्सन्ट्रेशनचा (टाकणाऱ्याचं लक्ष मोडलं की संपणारा), जास्तीत जास्त आठ तासांचा. २०१४ चा मजकूर म्हणतो की एक-दोन वाक्यांत एखादं काम सुचवा, आणि ते ऐकायला वाजवी वाटेल असं मांडा. स्वतःला भोसकून घे, आगीत उडी मार, अशा उघड घातक गोष्टी सांगितल्या की स्पेल संपतो. ‘वाजवी’ म्हणजे कोणाला वाजवी, यावर टेबलं भांडतात. पुस्तकातच उदाहरण आहे की एखाद्या सरदाराला, भेटेल त्या पहिल्या भिकाऱ्याला आपला लढाईचा घोडा देऊन टाकायला सुचवता येतं. शुद्धीवरचा सरदार हे कधीच करणार नाही. म्हणजे त्याच्या मनात तसं असायला पाहिजे, ही अट नाहीच. अट मांडणीची आहे. वाक्य कानावर पडल्यावर त्यात काहीतरी कारण, काहीतरी सुसंगती दिसली पाहिजे.

आमच्या कॅम्पेनच्या राजधानीत दोन टेकड्यांवर पसरलेला किल्ला आहे. कल्पना कुठून आली ते नागपूरकरांना सांगायला नको. खरा सीताबर्डीचा किल्ला लष्कराकडे असल्यामुळे आत कसं शिरायचं, हा प्रश्न आमच्या पार्टीला जन्मजात पडलेला असतो. तर दरवाज्यावर पहारेकरी. एका खेळाडूचं वाक्य होतं, “किल्ली दे अन् आम्हाले आत सोड.” हे मी नाकारलं नसतं, पण पुढे त्यात भोकं पडतात. किल्ली दिली, आत सोडलं, काम संपलं, स्पेलही संपला. आता शुद्धीवर आलेला पहारेकरी तुमच्या मागे उभा आहे आणि त्याच्या गळ्यात शिट्टी आहे.

शेजारी बसलेलीनं वाक्य बदललं: “भाऊ, तुमची पाळी संपली. किल्ली खिळ्याले अडकवा, घरी जाऊन जेवा अन् झोपा, पुढचा गडी येऊनच राहिला.” वाक्यं दोन, कारण आहे, कोणाला इजा नाही, आणि काम तो झोपेपर्यंत संपत नाही. असं वाक्य सुचायला दोन मिनिटं लागली तरी लागू द्या.

पण इथेच पुढचा कंगोरा येतो. घरी जाताना वाटेत त्याला त्याचा वरचा अधिकारी भेटला आणि म्हणाला, “पहारा सोडून कुठे चालला?” तो काय उत्तर देईल? खरं तेच देईल: “एक बाई आली, म्हणाली पाळी संपली.” तुमची गोष्ट लपवायला त्याला कोणी सांगितलेलं नाही. सजेशन त्याला तुमच्या बाजूचा करत नाही, फक्त सांगितलेलं काम करायला लावतं. आणि त्या कामाआड येत नाही तिथे तो पूर्वीचाच माणूस असतो, त्याच निष्ठा, तीच अक्कल.

नवे खेळाडू हमखास करतात ती मागणी म्हणजे, “आम्हाले पाहिलंच नाही असं समज.” हे काम नव्हे, ही आठवण पुसणं झालं. त्यासाठी पाचव्या लेव्हलचा मॉडिफाय मेमरी आहे. सजेशननं तो फार तर गप्प बसेल.

‘उघड घातक’ ठरवताना जागा आणि वेळ बघा. एकदा सुचवलं गेलं, “पाण्याविना, अनवाणी, भर दुपारी पलीकडच्या गावापर्यंत चालत जा.” खेळाडूचं म्हणणं, चालणं घातक कसं? आता ४५ अंशांत राहणाऱ्या माणसांसमोर हे बोलायचं म्हणजे! तरी नियमानं बघू. तापमान १०० फॅरनहाइट, म्हणजे साधारण ३८ सेल्सिअसच्या वर असेल आणि पाणी नसेल, तर २०१४ च्या नियमांत दर तासाला कॉन्स्टिट्यूशन (सहनशक्तीचा) सेव्ह करावा लागतो. डीसी ५ पासून सुरू होऊन तासागणिक एकानं वाढतो, आणि चुकला की थकव्याची एक पातळी. इजा हळू आहे, पण तिथल्या रहिवाशाला ती होणार हे आधीच माहीत आहे. म्हणून ते उघड घातक, आणि स्पेल संपला. थंड डोंगराळ मुलखातून कालच आलेल्या परदेशी व्यापाऱ्याला हेच सुचवलं असतं, तर मी सोडलं असतं. त्याला उन्हाची कल्पनाच नाही.

२०२४ च्या पुस्तकानं ‘वाजवी’ हा शब्दच काढून टाकला. आता सूचना २५ शब्दांत बसायला हवी, जमण्यासारखी वाटायला हवी, आणि त्या व्यक्तीला किंवा तिच्या साथीदारांना उघड डॅमेज होईल असं काही त्यात नको. डीएमचं काम सोपं झालं, पण कारण शोधून वाक्य घडवण्यातली गंमत थोडी गेली, असं मला वाटतं. कुठलंही पुस्तक घ्या, दोन्हीकडचं आपल्या सोयीचं तेवढं उचलू नका.

पायरी ५: एका टर्नचे स्पेल लवकर उरका

कमांड एका शब्दाचा: ये, टाक, पळ, लोटांगण, थांब. २०१४ मध्ये दुसरा शब्दही चालतो, तेव्हा समोरचा काय करेल ते डीएम ठरवतो; २०२४ मध्ये या पाचांतूनच निवडायचा. परिणाम समोरच्याच्या पुढच्या टर्नपुरता. “टाक” म्हटल्यावर तो हातातली वस्तू टाकतो आणि त्याचा टर्न संपतो. मग ती उचलणारा तुमचा माणूस जवळ उभा आहे ना, एवढं आधी बघा.

कम्पल्शन चौथ्या लेव्हलचा आणि बार्डचा (गाण्या-वाजवण्यातून जादू करणाऱ्याचा). दिशा तुम्ही सांगता, समोरचे आपापल्या टर्नला त्या दिशेनं चालत सुटतात. उघड जीवघेण्या ठिकाणी, म्हणजे आगीत किंवा खड्ड्यात, ते जाणार नाहीत. पण तुमच्या फायटरच्या तलवारीसमोरून मात्र जातील आणि वार खातील. चालून झालं की पुन्हा सेव्ह मिळतो. याच्या अर्थाबद्दल भांडायला फारसं काही उरत नाही.

पायरी ६: डॉमिनेट आणि गिआस एकाच मापानं मोजू नका

डॉमिनेट पर्सन म्हणजे खरा ताबा. मनातल्या मनात हुकूम देता येतो, त्यासाठी अॅक्शन लागत नाही, आणि समोरचा तो पाळायची पराकाष्ठा करतो. तुमची अॅक्शन खर्च केली तर २०१४ च्या नियमांत त्याचं पाऊलन् पाऊल तुम्ही ठरवता. पण मुदत एक मिनिटाची, त्यातही कॉन्सन्ट्रेशन, आणि त्याला डॅमेज झालं की दर वेळी नवा सेव्ह. म्हणून एकानं डॉमिनेट केलेल्या शत्रूवर बाकीच्यांनी बाण सोडत राहणं म्हणजे त्याला सुटायची संधी देणं. हुकूम संपले की तो उभ्या उभ्या मार खात नाही, स्वतःचं रक्षण करतो.

गिआस उलट आहे. टाकायला एक मिनिट लागतं, मुदत ३० दिवस, कॉन्सन्ट्रेशन नाही. पण इथे शरीराला कोणी ओढत नाही. हुकमाविरुद्ध वागलं तर ५डी१० (दहा बाजूंच्या पाच डाइसची बेरीज) सायकिक डॅमेज, दिवसातून फार तर एकदा. सरासरी साडेसत्तावीस. मोठ्या लेव्हलचा योद्धा हे सोसून रोज हुकूम मोडू शकतो. साध्या गावकऱ्याचे हिट पॉइंट (अंगातला जीव) चार असतात, तो पहिल्याच नकाराला मरतो. गावच्या पाटलावर “नुसता गिआस” टाकू म्हणणाऱ्या पॅलाडिनला (धर्मयोद्ध्याला) हे दोन आकडे शेजारी लिहून दाखवा, आणि मग त्यानं काय ते ठरवावं.

पायरी ७: स्पेल संपल्यावर कोणाला काय कळलं?

ही पायरी बहुतेक टेबलं विसरतात. चार्म पर्सन संपला की समोरच्याला कळतं, तुम्हीच चार्म केलं होतं. स्पेलमध्ये तसं स्पष्ट लिहिलं आहे. २०१४ च्या सजेशनमध्ये अशी ओळ नाही. २०१७ साली आलेल्या झॅनाथरच्या पूरक नियमपुस्तकानं सर्वसाधारण नियम दिला की स्पेलचा परिणाम दिसण्या-जाणवण्यासारखा नसेल, तर सहसा त्या व्यक्तीला जादू झाल्याचं कळत नाही. तरी पहारेकऱ्याला आपण किल्ली खिळ्याला अडकवून घरी गेलो हे आठवतंच. उठल्यावर तो विचार करेल, आणि तुमचा चेहराही त्याच्या लक्षात असेल.

शिवाय जादू टाकताना ती दिसते आणि ऐकू येते. सजेशनचं वाक्य म्हणजे मंत्र नव्हे. मंत्र वेगळा, तो आधी उच्चारायचा, मग वाक्य. भर दरबारात हे गुपचूप होत नाही. सॉर्सररकडे (उपजत जादूगाराकडे) सटल स्पेल, म्हणजे मंत्र न उच्चारता जादू टाकायची युक्ती, असेल तर गोष्ट निराळी.

पायरी ८: खेळाडूच्या कॅरेक्टरवर वेळ आली तर

नियम खेळाडूंनाही लागू. फरक एवढाच की त्या कॅरेक्टरमागे जिवंत माणूस बसलेला असतो, आणि त्याचं कॅरेक्टर काढून घेतलं की तो फोन काढतो. म्हणून शक्यतो चालवायला त्याच्याकडेच ठेवा. मी चिठ्ठी देतो. व्हॅम्पायरनं चार्म केलं तर चिठ्ठीत असतं: “हा तुला विश्वासू मित्र वाटतो. त्याचं ऐकावं, त्याला जपावं असं वाटतं. पण तू त्याच्या ताब्यात नाहीस. तो मागेल त्याचा चांगल्यात चांगला अर्थ काढ.” २०१४ च्या व्हॅम्पायरच्या मजकुराचा हाच आशय आहे, आणि चांगला खेळाडू यावर अख्खा सीन रंगवतो.

पार्टीतल्याच दुसऱ्या कॅरेक्टरवर हे स्पेल टाकायचे असतील तर आधी त्या खेळाडूला विचारा, तो नाही म्हणाला तर विषय बंद. आणि चार्म वापरून शरीरसंबंधाकडे जाणारी कुठलीही मागणी आमच्या टेबलावर चालत नाही, एनपीसीवरही (डीएमनं चालवलेल्या पात्रावरही) नाही. त्यावर चर्चा नाही, डाइस नाही. जॉन स्टॅव्ह्रोपूलोस यांची एक्स-कार्डची पद्धत नव्या गटासाठी सोयीची आहे: एक्स लिहिलेलं कार्ड मधोमध ठेवायचं, कोणीही त्याला हात लावला की चालू प्रसंग गाळून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही. चार्म आणि डॉमिनेट असलेल्या कॅम्पेनमध्ये ते पहिल्या दिवसापासून ठेवा, पोह्यांची ताटली जरा सरकवून.